कापड कुठलं ते

प्रिय इरम आपा,

फोन केला असता, पण फोनवर मी विषय बदलतो, तुला माहीत आहे. सादिकचाचा उद्या लूमवाल्यांच्या संघटनेचे कागद घेऊन तुझ्याकडे दिल्लीला निघतायत, त्यांच्या हाती हे देतोय. मंगळवारी कराराच्या बैठकीत साहेबांसमोर बसायच्या आधी वाच. आधीच वाच.

अब्बा बरे आहेत. आपल्या चोवीस लूमपैकी नऊ चालतात, बाकीचे ते नुसते पुसून ठेवतात, रोज. परवा अंजूरला खाडीवर गेलो होतो, पाणी इतकं उतरलेलं की पलीकडे चालत... जाऊ दे. गोदामाचं सांगायचंय. सुरत, मालेगाव, इचलकरंजी, कुठेच मी सहा महिने टिकलो नाही, पण पूर्णा गावच्या या गोदामात दहावा महिना चालू आहे. अब्बा दिसेल त्याला सांगतात, पोरगा थाऱ्यावर आला.

तू विचारलं होतंस, गोदामात रोज कापडाच्या किती गाठी येतात, कुठल्या देशाच्या. मी लेबलं बघून सांगितलं, सगळ्या शेजारच्या देशाच्या. त्यावरच तू संघटनेतर्फे टिपण लिहिलंस, की ड्युटी न भरता माल पाठवायचा त्यांचा कोटा आहे, त्यातूनच एवढं कापड येतं आणि आपले लूम बंद पडतात, तेव्हा नव्या करारात कोटा वाढवू नका. चाचांनी ते टपरीवर वाचून दाखवलं. कुणीतरी म्हणालं, सादिकभाई, ही पोरगी दिल्लीवाल्यांना घाम फोडणार. मला अभिमान वाटला, आणि अर्धा चहा तसाच ठेवून मी उठलो.

कारण तो देश म्हणणार, एवढं कापड आम्ही विणतच नाही. आणि ते खरं असेल, आपा. गाठीवरचा शिक्का त्यांचा, कागदपत्रं त्यांची, पण गाठ फोडली की आतल्या कापडाच्या थानांना तिसऱ्याच देशाचे कागद गुंडाळलेले. त्या देशाला ड्युटी माफ नाही. आमचं काम एवढंच, ते कागद काढायचे आणि शेजाऱ्यांचं लेबल चिकटवायचं. माझ्या बाजूला वळ गावची कमळा असते, ती म्हणते, "ह्यो कपडा तुझ्यापेक्षा जास्ती देश फिरलाय इमाद, तुला न्हाय जमायचा." मीही हसायचो. तुला मोजून सांगितली ती लेबलं माझ्याच हातांनी लावलेली होती. खरं बोललो तर काम जाईल, अब्बा पुन्हा बोलायचे बंद होतील, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

ते टिपण देऊ नकोस. एक गोष्ट खोटी निघाली की तुमचं बाकीचं कुणी ऐकणार नाही, आणि कोटा वाढेल. त्याऐवजी करारात हे मागा, की कापड खरंच कुठे विणलं ते गाठ उघडून तपासायचं. सोबत थानांवरचे अकरा कागद आहेत, मागे तारखा लिहिल्यात. साहेब विचारतील, हे दिले कुणी? तू माझं नाव दडवशील, मी ओळखतो तुला. दडवलंस तर ती रद्दी आहे. माझं पूर्ण नाव आणि गोदामाचा नंबर शेवटच्या कागदामागे लिहिलंय, ते वाचून दाखव. अब्बांना अजून काही माहीत नाही. पाकीट चाचांच्या हातात दिलं, की घरी जाऊन सांगतो.

तुझाच,
इमाद