लेकीचे कान

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज पुन्हा! बँकेतल्या बाई शिकायला आल्या होत्या. त्या पियानो वाजवत होत्या आणि लेकीचा तळवा झाकणावर सपाट टेकलेला. आमचे हे शेवटी शेवटी असंच करायचे. व्हायोलिन वाजवण्याआधी कपाळाला टेकवायचे. मी म्हणायची, पाया काय पडताय त्याच्या? हसायचे नुसते. लबाड! कान गेले होते आणि लाकडातून ऐकत होते. मला पत्ता लागू दिला नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

लेकीची लक्षणं ठीक नाहीत. एकच गोष्ट तीन-तीनदा विचारते. ओरडून बोलते — ह्यांचाही आवाज असाच चढला होता. खालच्या मजल्यावरचे वकील येऊन गेले. म्हणे, तुमच्या टीव्हीने आमचं डोकं उठलंय. मला तर तो बेताचाच वाटतो. माझ्यामागे हीच वाढवत असणार!

पियानो शिकवण्यावर पोट आहे तिचं. बहिऱ्या बाईकडे कोण शिकायला येईल?

रविवार, ९ फेब्रुवारी

हे छापखान्यातून आले की हातांची शाई घासून घासून धुवायचे आणि चहाच्या आधी व्हायोलिन. मी समोर मटार सोलत बसलेली. संपलं की विचारायचे, "कसं झालं?" मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. "बरं झालं," म्हणायची. तेवढ्यावर स्वारी खूश!

पुढे वरचे सूर लागेनासे झाले त्यांचे. मी तोंडावर सांगितलं, "वरचे सूर गायब झालेत तुमचे. कान तपासून घ्या." माझ्याकडे बघतच राहिले. मग काही दिवस जोर लावून वाजवलं. तरी तेच. एक दिवस व्हायोलिन पेटीत ठेवलं ते ठेवलंच. वाजवणं सुटलं आणि माणूस वाळत गेला. जेवायचे, बोलायचे, पण त्यात जीव नव्हता.

लेकीचं तसं मी होऊ देणार नाही. मेले तरी नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

बोलले एकदाची! "चल, कान तपासून घेऊ." वाटलं, आता आकाशपाताळ एक करेल. तर म्हणते, "चल की. पण दोघींचे तपासायचे." इतक्या पटकन तयार झाली? म्हणजे तिलाही संशय आलाय. बिचारी! म्हटलं, माझेही तपास बाई, माझं काय जातंय.

सोमवार, १७ फेब्रुवारी

उद्या जायचंय. देवापुढे दोनदा दिवा लावला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तिचे कान चांगले तिखट आहेत! डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं. मग तो झाकणावरचा हात? "बाबांची सवय गं, कधी जातो कळतही नाही." हुश्श!

मग मला काचेच्या खोलीत बसवलं. शिटी ऐकू आली की बटण दाबायचं. मी आपली वाट बघतेय. शिटी काही येईना. मशीन बिघडलंय म्हणून सांगायला वळले, तर काचेपलीकडे लेक डोळे पुसत होती.

बारीक, उंच आवाज मला ऐकूच येत नाहीत. बऱ्याच वर्षांपासून, असं म्हणाल्या. मी म्हटलं, माझं मेलं काय, हिचे शाबूत आहेत ना! रिक्षात दोघी हसलो. दोघींनी एकमेकींना फसवून नेलं होतं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

जेवताना विचारलं, "मग ह्यांचे कान?"

लेकीने हातातला घास ताटात ठेवला. मग तोंड माझ्याकडे करून, मोठ्याने म्हणाली, "बाबांना शेवटपर्यंत सगळं ऐकू यायचं, आई. तुला येत नाही, हे त्यांना कळलं होतं. मला शपथ घातली — आईला सांगू नकोस, खचेल ती. म्हणाले, तिलाच ऐकू येत नाही, तर वाजवू कुणासाठी?"

मला आत्ता ह्यांच्याशी कडाकडा भांडायचंय. कुणाशी भांडू!