एका बॅटरीवर दोघं

७ एप्रिल, सोमवार

साडेअकराच्या सुमारास लाइट गेली. इन्व्हर्टरनं थोडा वेळ धरलं, मग पीं पीं सुरू आणि सगळं काळं. मी बोलत होते, टीममधले सगळे ऐकत होते. कुठल्या वाक्यावर तुटलं तेही आठवत नाही.

मोबाईलवरून जोडायचा प्रयत्न केला. आमच्या गल्लीत लाइट गेली की टॉवरपण ढेपाळतो. गच्चीवर जाऊन कीर्ती मॅडमना फोन लावला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "माधुरी, मी तुझी बाजू घेते गं. पण वरचे विचारतात, केजला लाइनच राहत नाही तर ही मुलगी घरून काम कावून करते? पुण्यात ऑफिसला येऊन बसायला सांग." मॅडम मूळच्या लातूरच्या. चिडल्या की 'का' चं 'कावून' होतं, म्हणजे आतून चिडल्याच होत्या.

पुणे. इथं अण्णा असे, सासूबाईंचे गुडघे तसे, आणि हे कड्याला कारखान्यात, शनिवारी येणार. कसं जायचं?

८ एप्रिल

रफिकभाई आले होते बॅटरी बघायला. झाकणं उघडून पाणी पाहिलं, काट्याचं यंत्र लावलं. म्हणाले, "भाभी, ह्याच्यात आता दम न्हाई राहिला. टीव्ही-पंखा चालवा, न्हाईतर तुमचं नेट अन् कॉम्प्युटर चालवा. दोन्ही न्हाई व्हायचं."
नवी बीडहून यायला आठवडा तरी लागेल म्हणतात. मागवली.

म्हणजे आठवडाभर अण्णा की मी.

अण्णा, माझे सासरे, चाळीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. दिवाळीत अर्धांग झालं, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आता खाटेवर बसून दिवसभर बातम्या बघतात आणि संध्याकाळी कीर्तन. टीव्ही बंद पडला की डाव्या हातानं खाटेची दांडी बडवतात. शब्द एकच उरलाय, "हां". चहा हवा का, हां. नको का, हां.

१० एप्रिल

आज परत गेली, जेवायच्या वेळेला. सासूबाईंना म्हटलं, लाइट नसताना टीव्ही बंद ठेवू, पंखा राहू दे.
"अन् मग काय करतील ते? भिताडाकडं बघत बसतील का दिवसभर?"
"आत्याबाई, आठवडाभरच."
"त्यांचा एक एक दिस कसा जातो ते तुला त्या खोलीत बसून काय कळणार."

मी तशीच गेले आणि टीव्हीचा प्लग इन्व्हर्टरच्या बोर्डावरून काढून साध्या बोर्डात लावला. अण्णा बघत होते. माझ्या हाताकडे, प्लगकडे, परत माझ्याकडे. दांडी बडवली नाही. बडवायला हवी होती.

काम मात्र दुपारी नीट झालं. रुग्णालयांचे विम्याचे कागद, एकामागून एक. लाइन एकदाही तुटली नाही. मॅडमचा अंगठा आला.

१२ एप्रिल, शनि.

हे आले. येताना कड्याहून खरबुजं आणली. जेवणं झाल्यावर सांगितलं सगळं.
"मग सोड ना नोकरी. एवढा जीव कावून जाळायचा?"
"सोडून काय करू?"
"काय करू म्हणजे. घरात काय कमी काम हाय का?"
मी खरबुजाच्या साली गोळा केल्या. मग त्यांनीच विचारलं, "पुण्याला ये म्हणले तर जाशील?"
"तुमी काय म्हणाल?"
पाण्याची टाकी बघून येतो म्हणाले आणि वर गेले. टाकी सकाळीच भरली होती.

या नोकरीच्या आधी मी या घरात कुणाला काही विचारलेलं आठवत नाही. विचारायला लागले ते लॅपटॉप आल्यावर. हे यांना कसं सांगायचं...

१५ एप्रिल, मंगळ.

रुग्णालयातून आत्ता आले, सासूबाई तिथंच. मेणबत्ती लावून लिहितेय.

दुपारी वावटळ सुटली. धारूर रोडकडचे खांब पडले आणि आमच्या भागाच्या डीपीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. लाइनमन म्हणाला आज काही सांगता येत नाही. माझ्यासमोर एका बाईच्या ऑपरेशनचा क्लेम, आजच पाठवायचा. बाहेर पंखा अण्णांवर, आत मी. पंखा बंद करावा असं मनात आलं होतं. उकाडा बघून केला नाही. सासूबाई मागं धुणं काढत होत्या, वाऱ्यानं उडत होतं.

इन्व्हर्टर पीं पीं करायला लागला. मी कानाआड केलं, दोनच पानं राहिली होती. तेवढ्यात धप्प आवाज. भांडं पडलं वाटलं. मग सासूबाईंची हाक ऐकली, तशी हाक मी कधी ऐकली नव्हती.

अण्णा जमिनीवर, डावा हात अंगाखाली. आत टीमचा कॉल सुरू होता, माइक चालूच राहिला. तिकडं पुण्यात सगळ्यांनी ऐकलं असणार.

रिक्षात सासूबाई एवढंच म्हणाल्या, "टीव्ही लावायला उठले आसतील." माझ्याकडे न बघता.

१६ एप्रिल

कंबर वाचली, मुका मार आहे. डाव्या मनगटाला प्लास्टर. चालणारा हात तोच होता. आता घास भरवावा लागतो, पाणी पाजावं लागतं, आणि बडवायला काही नाही.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. मी पोळ्या लाटते, त्या घेऊन जातात. लाइट अजून नाही. रजा टाकली.
ह्यांना फोन केला. "रजा मिळाली की येतो," म्हणाले.

१७ एप्रिल

लाइट आली. टीव्ही लावला. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

मॅडमचा फोन. "सासरे कसे आहेत?" हेच आधी. मग, "सोमवारी अकराला सर स्वतः बोलणार आहेत तुझ्याशी, व्हिडिओवर. घरून चालू ठेवायचं की नाही तेव्हाच ठरेल. त्या दिवशी लाइन जाऊ देऊ नकोस, एवढं कर."
एवढं. जसं काही ते माझ्या हातात आहे.

१८ एप्रिल, शुक्र.

भांडी घासताना सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.
"त्या दिशी पंखा तू बंद केलतास का?"
"नाही. का?"
"मी बी न्हाई केला."

मला समजेना. त्यांनी मला बाहेरच्या खोलीत नेलं. टीव्ही या भिंतीला, पंख्याचं बटण त्या भिंतीला, दाराजवळ. अण्णा पडले ते दाराजवळ, बटणाच्या खाली. त्या धावत आल्या तेव्हा पंखा बंद होता आणि बटण वर केलेलं होतं. घाईत लक्षात आलं नाही. रुग्णालयात बसल्या बसल्या आठवत राहिलं म्हणाल्या.

"तुझं ते मशीन वरडत होतं ना. त्यांना कळतंय गं. सगळं कळतंय."

बॅटरी माझ्यासाठी ठेवायला. खाटेपासून दारापर्यंत, तसल्या पायावर.

मी अण्णांजवळ बसले. विचारलं, "अण्णा, पंखा बंद करायला उठलतात का?"
"हां."
"का टीव्ही लावायला?"
"हां."
सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला ना हसू येत होतं ना रडू.

१९ एप्रिल, शनि.

हे सकाळीच आले. आज कामाचं बोलले फक्त, तेच बरं वाटलं.

नवी बॅटरी आली नाही. रफिकभाईंनी दुकानातली स्वतःची दिली, सोमवारपुरती. "दुकान एक दिवस अंधारात बसंल, त्यात काय," म्हणाले.

पण घरात बॅटरी असून भागत नाही हे आज कळलं. आमच्या गल्लीचं नेट पिठाच्या गिरणीच्या छतावरच्या डब्यातून येतं. लाइट गेली की तो डबा त्याच्या बॅटरीवर चालतो, आणि मंगळवारपासून दोन दिवस लाइट नव्हती त्यात ती बॅटरी पार मेली. नेटवाला म्हणाला, "ताई, सोमवारी लाइट गेली तर गेली, म्या काय करू." ह्यांनी आमची जुनी बॅटरी खांद्यावर घेतली आणि गिरणीवर चढवली. टीव्ही-पंख्याला दम नसला तरी त्या डब्याला पुरेल, एवढासा तर खातो तो. गिरणीवाल्या मावशी खालून विचारत होत्या, वर काय चाललंय म्हणून.

२० एप्रिल

टीव्हीचा प्लग परत इन्व्हर्टरच्या बोर्डात लावला. सासूबाईंनी येऊन काढला. "उद्याचा दिस राहू दे."
मग अण्णांना भरवता भरवता, पाठमोऱ्याच, "पुण्याला जावं लागलं तर किती दिसांचं आसतं?"
"माहीत नाही, आत्याबाई."
"मी हाय हितं. पण तू न्हाईस अन् ह्यांना असं कायी झालं तर..."
हे समोर बसून चप्पल बघत होते, तुटलेली नव्हती.

२१ एप्रिल, सोमवार

लिहीत बसलेय, कारण हात रिकामे ठेवता येईनात.

लाइट साडेनऊलाच गेली. पश्चिमेकडं आभाळ भरून आलंय. राउटरवरचा हिरवा दिवा चालू आहे, दर मिनिटाला बघते. हे गिरणीच्या छतावर, डब्याशेजारी, डोक्यावर टॉवेल टाकून. मघाशी फोन केला, "तार हलतीय थोडी, धरून बसलोय." कारखान्यात आज खाडा.

पंखा बंद, टीव्ही बंद. सासूबाई हातपंख्यानं अण्णांना वारा घालतायत. मध्येच वाऱ्यानं मागचं दार आपटलं आणि सगळ्यांनी माझ्या खोलीकडं पाहिलं.

मॅडम जोडल्या गेल्या. चित्र स्वच्छ. "सर येतायत, दोन मिनिटं. आणि हो, ते विचारतीलच. इथं येण्याचं घरात काय ठरलं?"
म्हटलं, "सरांनाच सांगते."
सांगते म्हटलं खरं, जसं काही ठरलंय. कुणी काही ठरवलेलं नाही. यांनी नाही, आत्याबाईंनी नाही. मी रात्रभर एक ठरवलं आणि सकाळी चहा ठेवताना दुसरं.

पत्र्यावर थेंब वाजायला लागलेत. ह्यांना खाली या म्हणू का?

सरांचं नाव स्क्रीनवर आलं. वही ठेवते.