कोऱ्या तारखेची पत्रं

सोलापूर,
कार्तिक वद्य ५, शके १८४९

प्रिय नारायण यास यज्ञेश्वराचा सप्रेम नमस्कार.

तुझं कार्ड पावलं. वहिनींचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. इथे थंडी पडायला लागली आहे, म्हणजे आपली सोलापूरची थंडी: पहाटे कांबळं लागतं आणि दुपारी डोकं तापतं. माझं ठीक चाललं आहे. दिवाळीला इथल्या मिशनच्या दवाखान्यातल्या मडमेनं सगळ्यांना एकेक लाडू वाटला. माझा गुंडानं खाल्ला.

सोबत एक जाड पुडकं आहे. ते कचेरीत उघडू नकोस, घरी वहिनींसमोरही नको. नेहमीसारखं आठ दिवस उन्हात घातलं आहे, तरी हात धू. त्यात यशोदेसाठी पत्रं आहेत. आजवर एकेक पाठवत होतो आणि तू ते ‘आगबोटीच्या टपालातून आलं’ म्हणून केमला माझ्या घरी धाडत होतास. या वेळी बावीस आहेत. एकदम बावीस कशी म्हणशील. सांगतो, जरा दम धर.

गेल्या आठवड्यात गुंडाशी कडाक्याचं भांडण झालं. गुंडा म्हणजे शेजारच्या खाटेवरचा, वळसंगकडचा धनगर. त्याची बोटं माझ्याआधी गेली, जीभ मात्र शाबूत आहे. लिहिलेलं सगळं त्याला वाचून दाखवावं लागतं आणि जगातला प्रत्येक मुलूख तो मेंढरांच्या तोंडानं तपासतो. सैबेरियाच्या उत्तरेचं वर्णन वाचलं, बर्फ, शेवाळ, सहा महिने रात्र. “मास्तर, तितं मेंढरं काय खात्यात?” मी म्हटलं, मेंढरं नसतात तिथं. “मग मानसानं कशाला जायचं?” ब्राझीलचं अरण्य माझ्या फार आवडीचं. झाडांवर झाडं, खाली उजेड उतरत नाही, आणि नदी इतकी रुंद की पलीकडचा काठ दिसत नाही. त्यावर मान हलवून म्हणतो कसा, “न्हाय बा. कळप चुकंल.” रशियातलं गवताचं मैदान ऐकताना मात्र जवळ सरकून बसला. चार दिवस चालावं आणि गवत संपू नये. “लई ग्वाड मुलूक हाय. आपन तितंच जाऊ की,” म्हणाला. बिचाऱ्याला पायाचीही बोटं नाहीत.

भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. बावीसही ऐकून झाल्यावर म्हणाला, “बायकूला बरफ दावलं, नदी दावली, डोंगर दावलं. पर तुमी कसं हाय, ते एका बी वळीत न्हाय की!” त्यानं नसलेलं बोट नेमक्या जागी ठेवलं. मी भडकलो, नको ते बोललो, दोन दिवस अबोला धरला.

त्याला काय कळणार रे? माणसाची बातमी शिळी होते, डोंगराची होत नाही. म्हणून या पत्रांत पाऊस नाही, सण नाही, कोणाचं लग्न नाही, मला ताप आला की उतरला तेही नाही. नुसते मुलूख आहेत. दोन वर्षांनी वाचलं काय नि दहा वर्षांनी वाचलं काय, नॉर्वेचे कडे समुद्रात तसेच उतरलेले असणार. तारखेची जागा कोरी सोडली आहे. ती तू भर. आपल्या दोघांचं अक्षर एकाच पंतोजींच्या छडीखाली वळलेलं आहे, कोणाला कळायचं नाही. वर्षाला दोन पाठव, एक संक्रांतीला, एक नागपंचमीच्या सुमारास. अकरा वर्षं पुरतील.

आता आलं ना ध्यानात? ताप जात नाही, नारायण. पाय सुजले आहेत. डॉक्टर खाटेशी उभे राहतात आणि हवेच्या गोष्टी बोलतात. इथले कारकून गुरुबसप्पा यांना मी गळ घातली तेव्हा त्यांनी खाली बघत सांगितलं की शिमग्यापर्यंत काढलात तर पुष्कळ.

सात वर्षांपूर्वी मुंबईत डॉक्टरांनी मनगटाला टाचणी टोचली आणि मला ती कळली नाही, तेव्हा तू शेजारी होतास. जिना उतरेपर्यंत आपण दोघांनीही ‘महारोग’ हा शब्द तोंडातून काढला नाही. गावाला कळलं असतं तर आमच्या घराचं पाणी तोडलं असतं. यज्ञेश्वर आगबोटीवर कारकून होऊन गेला, ही थाप तुझीच. थाप मारण्यात तू शाळेपासून माझा गुरू. तिच्यावर सात वर्षं निघाली. पण मी मेल्यावर तिचं काय करायचं, हे तेव्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

माझी खबर केमला पोचली तर कोणी रडायच्या आत आई न्हाव्याला बोलावील. ती दुष्ट नाही रे. तिचे स्वतःचे केस तेविसाव्या वर्षी गेले, मी तेव्हा रांगत होतो. दुसरं काही होऊ शकतं हे तिला ठाऊकच नाही. यशोदा सव्वीस वर्षांची आहे. आपलं गाव कुंकवाचं, घरोघरी कुंकू कुटतात, अंगणं लाल, बायकांचे हात लाल. त्या गावात तिच्या कपाळाचं कुंकू पुसायचं आणि तिला लाल आलवण नेसवून कोपऱ्यात बसवायचं. मला ते बघवत नाही. मी बघायला नसेन म्हणा, तरी बघवत नाही.

तू पुढे धाडलेलं तिचं गेल्या वेळचं पत्र महिनाभर उशाखाली आहे. तू वाचलं नसशील, तू वाचत नाहीस हे मला माहीत आहे. झालं असं की ज्येष्ठात माझं जुनं भूगोलाचं पुस्तक संपलं, आणि मडमेनं दुसरं अजून आणून दिलं नव्हतं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं, पाटागोनियाचं पान कोणीतरी फाडलेलं. मग व्हरांड्यात बसून समोर दिसला तो माळच लिहिला. उघडे दगड, कुसळं, एकही झाड नाही, लांब मानेचा एक मोठा पक्षी पावलं मोजत चाललेला. आपला माळढोक रे. आणि दिवसभर वारा. वर नाव घातलं पाटागोनिया.

तिनं लिहिलं आहे: “आजवर इकडून जे जे मुलूख लिहिणं झालं, ते सगळे पुस्तकातले वाटले. हा एकच डोळ्यांनी पाहिलेला वाटला. तिथला वारा वाचताना पदर सावरावासा वाटला. सगळ्यांत हाच मला आवडला. मला एकदा तिथे न्यायचं व्हावं. फार दूर आहे का?”

चार तास, नारायण. सकाळच्या गाडीत बसली तर दुपारी पाटागोनियात पोचेल.

अबोला सुटल्यावर गुंडा म्हणाला, “बोलवा की. बगून तरी जाईल.” त्यानं दातांनी चिंधी ओढून माझ्या हाताला टाक बांधला. मी ‘ये’ एवढंच लिहिलं. बराच वेळ त्या अक्षराकडे बघत बसलो. नाक बसलं आहे, भुवया गेल्या आहेत. आणि ती एकदा इथे आली की केमला कळायला दिवस लागणार नाही. कागद फाडून टाकला. त्यानंतर गुंडा माझ्याशी भांडलेला नाही.

ती पुन्हा विचारणार, कधी नेता. त्याचं उत्तर बाविसांत कुठेच नाही. बायकोनं एक विचारावं आणि नवऱ्यानं डोंगर सांगत बसावं, हे तीन-चार पत्रांत तिच्या लक्षात येईल. ती मूर्ख नाही. कदाचित आत्ताच आलं असेल. ओळखूनही तिनं गप्प राहावं, कुंकू लावत राहावं, असं मनात येतं आणि माझी मलाच शरम वाटते. सात वर्षं तिला फसवलं, आता फसवणुकीत सामील हो म्हणतो आहे.

तेविसावं लिहायला घेतलं होतं. टाक हातात राहत नाही. हेच पत्र तीन दिवस चाललं आहे. अकरा वर्षांनी ती सदतीस वर्षांची होईल. पुढचं मला सुचत नाही. तुला सुचलं तर कर, नाही सुचलं तर तुझा दोष नाही.

आता दोन गोष्टी. पाकिटांवर पत्ता तुला लिहायचा आहे. आधी सौ. लिही, मग तिचं नाव. बाविसाव्या पाकिटापर्यंत.

दुसरी. माझं झालं की गुरुबसप्पा तुला एक कार्ड टाकतील. ते वाच आणि फाडून टाक. तुझा स्वभाव मला माहीत आहे, लगेच डोक्यावरून पाणी घ्यायला निघशील. घेऊ नकोस. वहिनी विचारतील कोण गेलं, आणि तुला वहिनींशी खोटं बोलता येत नाही. कपडे बदलू नकोस, जेवण टाळू नकोस, कचेरीत जा.

स्नान करू नकोस, नारायण. कोणी गेलेलं नाही.

सौ. यशोदेचा पती, आणि तुझा मित्र,
यज्ञेश्वर