गाळमाय वर येते

सावली गावाजवळून,
१८ नोव्हेंबर २००२

प्रिय धम्मदीप,

जयभीम. तुझी दोन पत्रं आली, माझं उत्तर एकालाही गेलं नाही. आळस नव्हता. कागद काढायचो अन् पाय दुसरीकडेच निघायचे. माझे पाय तुला माहीत आहेत. घरी सगळ्यांना नमस्कार, रिनाताईला खास. इथे धानाची कापणी अर्धी झाली, इस्तारीकाकाचा गुडघा सुजला आहे, बाकी ठीक.

तू लिहितोस, आपल्या फाशांच्या खेळाचं पुस्तक छपाईला जायचं आहे, त्यातल्या भुतांचे जीव-ताकदीचे आकडे पक्के करून पाठव. पहिले शीळ्याचे घे. सूरजागडच्या रस्त्यावर एका ट्रकवाल्याने सांगितलं, शिट्टी मारली की शीळ्या मागे लागतो, पण नाकासमोर उभं राहिलं तरी त्याला दिसत नाही. म्हणून कान वीस, नजर शून्य. तू नजर बारा लिहिलीस. ज्याला एवढं दिसतं तो शिट्टीची वाट कशाला पाहील? (त्या ट्रकवाल्याच्या खिशात पाळलेली खार होती. शेंगदाणे माझे खाल्ले अन् चावलीही मलाच.)

आता गाळमाय. तिचं पान तू झकास सजवलंस. जीव साठ, ताकद अठरा, हल्ला: लेकराला तळ्यात ओढते. मारली तर शंभर गुण.

हे पान मी छापू देणार नाही.

दिवाळीनंतर काकाला अन् त्याच्या दोन मासेमार सोबत्यांना खेळायला बसवलं. शीळ्याला तिघांनी हसत हसत हरवलं. गाळमाय निघाली तसे काकाने फासे खाली ठेवले.

"टाक ना काका."

"तिच्यावर? सकाळी त्याच तळ्यात जाळं टाकाले जायचं हाये मले."

"खेळ हाये हा."

"खेळ तुह्या पुस्तकात. इथी पह्यली मासोळी तिची."

"बरं, ती करते काय ते तरी सांग."

"गाळानं माखलेली, केस मोकळे, दोन्ही हातात लेकरू. अन् पाण्यातून वर येते."

दुसऱ्याने तेच सांगितलं, तिसऱ्यानेही. मी विचारलं, लेकराला खाली नेताना कोणी पाहिली? काका गुडघा चोळत म्हणाला, "खाली जातानी तं कोणीच नाई पाह्यली बा."

आजूबाजूच्या गावांतही विचारून आलो. सगळीकडे ती वर येते. मग 'ओढते' हे तू कुठून आणलंस? लोक घाबरतात, त्यावरून. पण आकडा भीतीचा द्यायचा नसतो, गोष्टीत भूत जे करतं त्याचा द्यायचा. तुझ्या हॉस्टेलच्या खोलीत मी फुकट राहत होतो तेव्हा त्या अमेरिकन खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स मांडीवर घेऊन हे तूच मला शिकवलंस.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. गाळमाय जुनी नाही, माझ्यापेक्षा लहान आहे. मी तिसरीत होतो तेव्हा शेजारचं लेकरू तळ्यात बुडालं. माझ्या आईने, प्रेमिलाने, उडी घेतली अन् त्याला वर आणलं. लेकरू गेलेलं होतं. लोकांना दिसली ती गाळाने माखलेली बाई, हातात लेकरू. तिच्या तोंडाला गाव आधीच भ्यायचं. मासोळीचा भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याला ती भर बाजारात ऐकवायची. संध्याकाळपर्यंत ती जादूटोणा करणारी झाली होती. मग तिला हाकललं. बाबा दारात उभे राहिले, शब्द काढला नाही, अन् तसेच मरून गेले. पुढे लोकांनीच तिला भूत करून तळ्यात नेऊन बसवलं, म्हणजे कोणी हाकललं ते सांगायला नको.

तुला वाटतं मी भुतं जमवत हिंडतो. भुतं वाटेत भेटली. मी तिला शोधत होतो. मुलचेऱ्याच्या बाजारात एक बंगाली मासेवाली म्हणाली, सावलीकडची एक बाई माझ्याकडे मासे साफ करते, पण आज आली नाही. मी निरोप ठेवला: भूपेश घरी आहे, कापणी होईपर्यंत. ती या गावात पाय ठेवेल असं वाटलं मात्र नाही.

तर नवीन पान असं लिही. जीव: लिहूच नको, तिला कोणी मारायचं नाही. हल्ला: नाही. ताकद: बुडालेल्या लेकराला गाळातून उपसून वर आणण्याइतकी. आकडा तू काढ, पण अठरा कमी पडतील. मान्य नसेल तर शीळ्यासकट माझी सगळी भुतं परत पाठव. खेळ विकला जाणार नाही म्हणशील, तर न विकला जाऊ दे.

इथवर लिहिलं तेवढ्यात काकाने अंगणातून हाक मारली, "भूपेश, बाहीर ये. पेन ठेव हातातला."

भर दुपारी तळ्याच्या पाळीवरून एक बाई येत होती. केस पांढरे, हातात नायलॉनची पिशवी. गावाबाहेरून वळसा घालायला रस्ता आहे, तो तिने घेतला नाही. दारादारात माणसं उभी होती, ती त्यांच्यासमोरून चालत आली. काका सुजलेल्या गुडघ्यावर उठून उभा राहिला.

"कापणी झाली का, भाऊजी?" तिने विचारलं.

थांबतो. तिला पाणी द्यायचं आहे. छपाई थांबव.

तुझा,
प्रेमिलाबाईचा मुलगा
भूपेश