बोटाखालचं नाव

बारामती, ५ फेब्रुवारी १९९७

चि. मेघनास, सप्रेम जयभीम.

तुझ्या छपाईच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला मोडेम जोडून आलो, त्याची चाचणी रविवारी संध्याकाळी घेऊ. मी बारामतीत बसून तुझा इंदापूरचा पडदा बघेन आणि इथूनच टाइपही करेन. अक्षरं आपोआप हलली तर घाबरू नकोस, तो मी. हे मला कुणी शिकवलेलं नाही. शब्दकोश शेजारी ठेवून पुस्तक वाचलं. मात्र तेवढा वेळ फोनची लाइन अडकते, बोलता येणार नाही.

दादाच्या पहिल्या स्मृतिदिनाचं कार्ड तेव्हाच उरकू. 'कै.' नको, 'कालकथित' घाल. नाव 'ज्ञानदेव' हवं. गावानं तुझ्या बापाला जन्मभर 'ज्ञानू' अशी अर्ध्या नावानं हाक मारली. कार्डावर तरी पुरं येऊ दे. आणि स्वल्पविराम तीळ उधळल्यासारखे टाकू नकोस.

वहिनींना जयभीम. लोभ आहेच.

तुझा काका,
सोमनाथ

इंदापूर, १० फेब्रुवारी १९९७

आदरणीय काकांस, सविनय जयभीम. वि. वि.

काल कार्ड बघायला आई दुकानात आली होती. साक्षरता वर्गात ती दोनच नावं लिहायला शिकली, स्वतःचं आणि आप्पांचं, तेही 'ज्ञानू' एवढंच. तोंडानं तिनं त्यांचं नाव कधी घेतलं नाही, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तिच्यासाठी मी 'ज्ञानू' टाइप केलं. ती पडद्यावर बोट ठेवून वाचत होती, तर बोटाखालीच अक्षरं पुसत गेली आणि 'ज्ञानदेव' आलं. मी म्हटलं, बारामतीहून काका दुरुस्त करतायत. ती म्हणाली, भावजींस्नी सांग, ह्यो मानूस माझ्या वळखीचा न्हाय.

मी परत 'ज्ञानू' केलं, तुम्ही परत पुसलंत. फोन करावा तर लाइन अडकलेली. मग आईनंच कीबोर्ड ओढून घेतला. मी फक्त कळा दाखवल्या. त्यानंतर तुम्ही पुसलं नाहीत, पण ती उठेना. पुसतंय का ते बघत बसली.

कार्ड छापायचं थांबवलंय. काय करू, कळवा. राग धरू नका, माया आहे तशी राहू द्या.

आपली,
मेघना

बारामती, १३ फेब्रुवारी १९९७

चि. मेघनास, सप्रेम जयभीम.

तू टाइप करतेस तेव्हा शब्द सलग येतो. त्या खेपेला एक अक्षर उमटलं आणि पडदा इतका थांबला की मला वाटलं, लाइन तुटली. मग दुसरं उमटलं. हात तुझा नव्हे, हे कळलं. माझं बोट पुसायच्या कळीवरच होतं. ते उचललं.

गावाच्या तोंडी ते नाव अर्धं होतं, वहिनींच्या हातून पुरं आलं. तेच छाप. त्यांना सांग, तो माणूस माझ्याही ओळखीचा आहे.

त्यांच्याकडून 'नू' ऱ्हस्व पडला आहे. तो तसाच राहू दे.

चुकीसकट लोभ असावा.

तुझा काका,
सोमनाथ