थोरवालच्या वृत्तांतातली एक ओळ

क्रिस्टियन्सफेल्ड, डेन्मार्क, १२ ऑक्टोबर १९८७

वीट आलाय! माझ्या धाकट्या भावाने, थोरवालने, आज आपला जीवनवृत्तांत माझ्या हातात दिला. आमच्या चर्चच्या मंडळीत प्रत्येकाने तो जिवंतपणीच लिहून ठेवायचा, आणि पाद्रीबुवांनी तो दफनाच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचायचा. डॉक्टर म्हणतात, हा नाताळ काही बघत नाही. म्हणून घाई.

"ताई, माझा हात कापतो. तू शुद्ध प्रत काढ."

सात पानं. मंडळीच्या बँडमध्ये चाळीस वर्षं ट्रॉम्बोन वाजवला – आहे. बेकरीतली नोकरी, मधाचे केक – आहेत. बायको गेली – आहे. लिस्बेत नाही. एकुलती एक पोर, आणि तिच्या नावाची एक ओळ नाही!

१३ ऑक्टोबर

विचारलं. म्हणाला, "आपलं खरं घर वर आहे, ताई. तिथे भेटतील सगळे."

या वाक्याची मला शिसारी येते. छप्पर गळतंय – खरं घर वर. खिडकी कुजली – खरं घर वर. बावीस वर्षांपूर्वी लिस्बेत लग्नाआधी पोटुशी राहून दारात उभी राहिली, आणि आल्या पावली परत गेली. तेव्हाही संध्याकाळी हेच म्हणाला, ताटावर बसून. मीसुद्धा त्याच घराची वाट बघत म्हातारी झाले. पण वरती सोय आहे म्हणून खालचं दार लावून घ्यायचं?

मीही तेव्हा काहीतरी बोलले असेन. माणूस रागात बोलतो. पण पोर त्याची होती, घर त्याचं होतं.

१९ ऑक्टोबर

मंडळीतली आबेलोन त्याला भेटायला आली. तीन केक खाल्ले. "किती शांत दिसतात हो! घरी निघालेत ना." जाताना माझा हात दाबून म्हणाली, "लिस्बेतला कळवलं का?" हिला हीच चौकशी करायची होती! ती उठून गेल्यावर तिची बशी दोनदा धुतली.

८ नोव्हेंबर

सकाळी थोरवाल गेला. मी लापशी ढवळत होते. मंडळीतलं कुणी गेलं की वाजवतात तसे बाहेर ट्रॉम्बोन वाजले, तेव्हा कुठे रडू आलं.

१० नोव्हेंबर

प्रत काढून झाली. शेवटी एक ओळ घातली – माझी, त्याच्या नावाने. "माझ्या मुलीला, लिस्बेतला, मी दाराबाहेर ठेवलं. हे माझं पाप आहे."

खोटं आहे, ठाऊक आहे. पण इतकं गुळमुळीत कुणाला पुरलेलं मला बघवणार नाही. लिस्बेतचा पत्ता पाद्रीबुवांकडे होता. दोन ओळी लिहून कळवलं.

१२ नोव्हेंबर

दफन झालं. पाद्रीबुवांनी ती ओळ वाचली आणि सगळ्या माना वर झाल्या. आबेलोन तोंडातली गोळी चघळायची थांबली. बरं झालं!

लिस्बेत मागच्या बाकावर, शेजारी उंच मुलगा. ओळ वाचली तेव्हा तिने शवपेटीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. चहाला थांबली नाही.

१६ नोव्हेंबर

लिस्बेतचं पत्र. जसंच्या तसं उतरवते.

"आत्या, ती ओळ बाबांची नाही. त्या दिवशी त्यांनी मला आत घेतलंच होतं. 'ही आत आली तर मी बाहेर' हे तू म्हणालीस. तुला दुसरं घर नव्हतं, म्हणून मीच निघाले. अठरा वर्षं ते दर गुरुवारी कोल्डिंगला माझ्याकडे यायचे. वृत्तांतात माझं नाव घालू नका, असं मीच त्यांना सांगितलं. कारण प्रत तू काढणार होतीस."

मला वाटायचं, गुरुवारी बँडचा सराव असतो.

१७ नोव्हेंबर

बावीस वर्षं माझ्या हातचं जेवला, एका शब्दाने बोलला नाही. वर गेल्यावर त्याला तोंड कसं दाखवू?