नवीन मुलांच्या भिंतीसाठी आरसा

मी, खाली सही करणारी, पूल बांधणाऱ्या इंजिनिअरसाहेबांची पत्नी म्हणून पेपरवाल्यांना आणि शिवणवर्गाच्या बाई म्हणून आमच्या गल्लीला माहीत असलेली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, समजून-उमजून लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हटल्यास ते खोटे समजावे.

१. राहते घर माझ्या स्वकष्टार्जित पैशांतून, माझ्या नावे घेतलेले आहे. ह्यांनी नद्यांवर पूल बांधले, आमच्या डोक्यावर छप्पर मी घातले. हे घर माझी नात भिंगरी हिला देते. ती सज्ञान होईपर्यंत सूनबाईने ते पालक म्हणून सांभाळावे व हयातभर तिथे राहावे. चिरंजिवांनीही राहावे. विकण्याचा अधिकार त्यांना नाही.

२. बँकेतील ठेव सूनबाईस. ती माझ्याशी पुष्कळ भांडली, पण जे बोलली ते तोंडावर बोलली.

३. दोन्ही शिवणयंत्रे वर्ग पुढे चालवणाऱ्या माझ्या मदतनीस मुलीस. कापडाची मोठी कात्रीही तिलाच. तिने त्या कात्रीने कागद कापल्यास कात्री परत घ्यावी, मग मी असो वा नसो.

४. आता ह्यांच्या निवासी शाळेविषयी. तिच्या सभागृहात नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या तसबिरी आहेत. आमचे हे एका न्यायाधीशांच्या आणि एका शास्त्रज्ञांच्या मध्ये लटकलेले आहेत. मागे मुख्याध्यापक घरी आले. नव्या इमारतीला ह्यांचे नाव द्यायचे आहे, काचेच्या कपाटात ठेवायला ह्यांचा चष्मा, आखणीची पेटी आणि शाळेचा मफलर हवा आहे, शिवाय कुटुंबाकडून भरीव मदतीची अपेक्षा आहे, असे म्हणाले. नामवंतांच्या नातवंडांना प्रवेशपरीक्षा नसते, हेही हसत सांगितले. चिरंजीव तिथेच शिकलेले. ते मान डोलावत होते. आठ वर्षांच्या भिंगरीचे नाव येत्या सत्रासाठी घातलेले आहे.

५. ह्यांच्याबद्दल माझी एक जुनी तक्रार होती. कोणालाही निरोप द्यायला हे कधी दारापर्यंत आले नाहीत. पाहुणे उठले की ह्यांना नेमके एखादे पुस्तक सापडायचे. मला ऑपरेशनला आत नेले तेव्हा हे भिंतीवरची आग विझवण्याची सूचना वाचत उभे होते. दगड, असे मी त्यांना म्हणत असे. चिरंजिवांना शाळेत सोडले त्या दिवशी तेही वळले नाहीत. मला वाटले, पोरगे लगेच रुळले.

हे गेले तेव्हा वर्गमित्र आले होते, सगळे तसबिरीतले. शववाहिका सुरू झाली आणि ते चार म्हातारे एकदम कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. माझी नणंद म्हणाली, "ही कसली गं मोठी माणसं? मेलेल्याला पाठ दाखवतात."

त्यांच्यातल्या न्यायाधीशांना, म्हणजे भावजींना, मी पुढे विचारले. त्यांनी सांगितले, की पहिल्या दिवशी नव्या मुलांना पटांगणात भिंतीकडे तोंड करून उभे करतात. आईबापांच्या गाड्या फाटकाबाहेर जाईपर्यंत वळायचे नाही. एकजण वळला तर सगळ्या रांगेचे रात्रीचे जेवण बंद.

"वहिनी," ते म्हणाले, "पुढे आम्हाला कोणी थांबवत नव्हतं. पण मान वळायचीच नाही."

मुख्याध्यापकांना मी याबद्दल विचारले होते. हल्ली जेवण बंद करत नाही, फक्त गुण कापतो, असे ते अभिमानाने म्हणाले.

६. भिंगरीला त्या शाळेत घालू नये, अशी अट मला इथे घालायची होती. सूनबाई माझ्या बाजूने आहे, चिरंजीव हटत नाहीत. पण भावजी म्हणाले, "वहिनी, घर लिहून देता येतं, नात लिहून घेता येत नाही." तेव्हा अट घालत नाही. काय घडले ते फक्त नोंदवते.

गेल्या रविवारी चिरंजीव म्हणाला, "आई, मी नाही का शिकलो तिथे? काय झालं मला?" तो निघाला, मी दारापर्यंत गेले. मी बघते आहे हे कळल्यावर तो खाली वाकला आणि बुटाच्या नाड्या बांधू लागला. बराच वेळ बांधत होता. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

भिंगरी त्याचा हात धरून, माझ्याकडे बघत, कोपऱ्यापर्यंत उलटी चालत गेली. खांबाला धडकली, तरी बघत होती.

७. शिवणवर्गातला माणूसभर उंचीचा आरसा, जो सध्या पुढच्या दाराशेजारी उभा आहे, तो शाळेस देते. पटांगणातल्या त्या भिंतीवर तो मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, फाटक दिसेल असा पक्का बसवावा. न वळता मागचे दिसेल. कोणाचे गुण कापावे लागणार नाहीत. आरसा बसला तर चष्मा, पेटी, मफलर आणि इमारतीला नाव, सगळे घ्यावे. न बसवल्यास चष्मा भंगारात जाईल, नाव मिळणार नाही. भरीव मदत म्हणाल, तर फुटकी कवडी नाही.

८. हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट बघत बंद ठेवू नये. याची एक प्रत आजच चिरंजिवांना द्यावी. सत्राची तारीख ठरलेली आहे, माझी नाही.

चिरंजिवास सांगणे, की माझी गाडी निघेल तेव्हा तोंड फिरवू नकोस. रडू आले तर रड, नाही आले तरी चालेल, पण कोपऱ्यापर्यंत बघ. ते तेव्हा एकदम जमणार नाही, म्हणून येत्या रविवारी घरी ये, जेव, आणि निघताना दारातून एकदा माझ्याकडे बघ. ते जमले, की भिंगरीचे काय करायचे ते तुझे तुला कळेल. नाहीच जमले, तर का जमले नाही ते तिला रांगेत उभी करण्याआधी स्वतःला विचार.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, साक्षीदारांसमोर सही केली व त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: शिवणवर्गाच्या बाई

साक्षीदार:
१. न्यायाधीश भावजी, निवृत्त. साक्षीदाराला काही देता येत नाही, नाहीतर ह्यांची काठी त्यांना दिली असती.
२. डॉक्टरीणबाई, शेजारच्या.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: सत्र सुरू होण्याआधीच्या महिन्यातला पहिला गुरुवार.

सहीनंतरचा मजकूर धरत नाहीत, हे भावजींनीच सांगितले. तरी लिहिते. चिरंजिवांची प्रत खिशात घालून ते निघाले. दारात थांबले, पण वळले नाहीत. मी म्हटले, झाले, सवय ती सवय. मग दिसले, की ते दाराशेजारच्या आरशात बघत आहेत. आरशातल्या मला त्यांनी हात केला.